परवाना कुठपर्यंत चालतो?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

पहिल्या सत्रात आम्हांला राज्यशास्त्राच्या तासाला 'संघराज्य' हा घटक होता. सरांनी अमेरिकेचे उदाहरण घेतले. तिथे घटकराज्ये आधी झाली आणि संघराज्य मागाहून जन्माला आले, म्हणून राज्यांचा तोरा अजून गेलेला नाही, असे ते सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मित्र म्हणाला, "सर, तिथं काय, कुणीही पिस्तूल खिशात घालून कुठंही फिरतो!" सारा वर्ग हसला. मीही हसले. सर मात्र हसले नाहीत. "त्यातला 'कुठंही' हा शब्द जरा तपासून पाहा," एवढेच ते म्हणाले आणि घंटा झाली.

तो शब्द तपासण्याचे काम ट्यूटोरियलच्या निमित्ताने माझ्याच गळ्यात पडले. मुलीने बंदुकीवर काय लिहायचे, अशी थोडी थट्टाही झाली. असो. मुलीचे सोडा, ज्या घरात विळा, कुऱ्हाड आणि ट्रकचा जॅक यांपलीकडे हत्यार म्हणून काही कुणी पाहिले नाही, त्या घरातली मी. पण वाचत गेले तसतशी पिस्तुले मागे पडली आणि माझ्या वडिलांची एक जुनी हकीकत पुढे येऊ लागली. ती यथावकाश सांगेनच. आधी एका अमेरिकन बाईची हकीकत सांगते.

ही बाई फिलाडेल्फिया शहरात राहणारी, दोन मुलांची आई. तिला चोरांनी लुबाडले होते. म्हणून तिने रीतसर पिस्तूल विकत घेतले आणि ते अंगावर झाकून बाळगण्याचा पेन्सिल्वेनिया राज्याचा परवाना काढला. अशा बाळगण्याला तिकडे 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात. 2013 च्या ऑक्टोबरात ती गाडी घेऊन शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेली. शेजारच्या म्हणजे किती शेजारच्या? मध्ये डेलावेअर नदी, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडे पेन्सिल्वेनिया, पलीकडे न्यू जर्सी. रोज हजारो माणसे कामाधंद्यासाठी हा पूल ओलांडतात. रहदारीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने तिची गाडी थांबवली. तेव्हा तिने आपणहून सांगितले, की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. पेन्सिल्वेनियात असे आपणहून सांगण्याची सक्तीसुद्धा नाही. पण तिला वाटले, लपवण्यासारखे आपण काय केले आहे?

पोलिसाने तिला अटक केली. न्यू जर्सी राज्य दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिथल्या कायद्याने तिच्या हातातला कागद शून्य किमतीचा आणि पिस्तूल बेकायदा! या गुन्ह्याला निदान साडेतीन वर्षे तुरुंग ठरलेला. न्यायाधीशाने दया दाखवायची म्हटले तरी त्याचे हात बांधलेले. काही आठवडे ती कोठडीत राहिली. प्रकरण देशभर गाजले, तेव्हा सरकारी वकिलांनी भूमिका बदलली आणि तिचा तुरुंग टळला. पुढे 2015 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

माफी! ज्या गोष्टीबद्दल पुलाच्या अलीकडे तिला कुणी हटकलेही नसते, तिच्याबद्दल पलीकडे राज्याच्या प्रमुखाने माफी द्यावी लागली.

आपल्यापैकी कुणालाही पहिला प्रश्न हाच पडेल, की गाडी चालवण्याचा परवाना एका राज्याचा असला तरी साऱ्या देशात चालतो, मग हाच का चालू नये? मलाही तो पडला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदात असे कलम आहेही, की प्रत्येक राज्याने इतर राज्यांचे कायदे, दप्तर आणि न्यायनिवाडे यांवर पूर्ण विश्वास ठेवावा. हे वाचून मी पुस्तक मिटणार होते. उत्तर मिळाले असे मला वाटले. पण तसे नाही. गाडीचा परवाना सगळीकडे चालतो तो या कलमामुळे नव्हे. प्रत्येक राज्याने तसा कायदा आपण होऊन केला आहे, म्हणून तो चालतो. पिस्तुलाच्या बाबतीत प्रत्येक राज्याने वेगळे ठरवले. काही राज्ये ठरावीक राज्यांचा परवाना मानतात, तेही समोरचा आपला मानत असेल तर. याला परस्पर-मान्यता म्हणतात. आपल्याकडे दोन घरांत आहेर चालतात तसेच हे. काही राज्ये सगळ्यांचा मानतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया कुणाचाच मानत नाहीत. इलिनॉय राज्याचे तर न्यारेच: परक्या राज्यातला परवानाधारक तिथून मोटारीने जात असेल तर मोटारीत पिस्तूल चालते, पण ते अंगावर घेऊन तो मोटारीतून उतरला की गुन्हा!

आणि दुसऱ्या टोकाला, ज्यांत मुळी परवानाच लागत नाही, अशी राज्ये 2024 पर्यंत 29 झाली. व्हर्माँटमध्ये तर असा परवाना कधी अस्तित्वातच नव्हता. म्हणजे निम्म्याहून अधिक राज्यांत कागद लागत नाही आणि उरलेल्यांपैकी काहींत तुमचा कागद चालत नाही. मधल्या मधे माणूस गाडी हाकीत असतो.

वाचताना मला फार गंमत वाटली ती दारावरच्या पाट्यांची. टेक्सासमध्ये दुकानदाराला आपल्या दुकानात झाकलेले पिस्तूल नको असेल, तर त्याने कायद्यात दिलेला मजकूर शब्दशः इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहून लावायचा. अक्षर निदान एक इंच उंचीचे हवे, रंग उठून दिसणारे हवेत. अशी पाटी वाचूनही परवानाधारक आत गेला तर तो गुन्हा. पेन्सिल्वेनियात खासगी दुकानाच्या पाटीला असे स्वतःचे बळ नाही. मालकाने निघून जा म्हटल्यावरही माणूस गेला नाही, तरच गुन्हा. म्हणजे एका राज्यात पाटी बोलते, दुसऱ्यात मालकाला बोलावे लागते. पोलिसाने अडवल्यावर मिशिगनमध्ये पिस्तुलाची गोष्ट ताबडतोब सांगावीच लागते, नाही तर दंड. इतर कित्येक राज्यांत विचारल्याशिवाय सांगण्याची गरज नाही. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या किती, हेही ठिकठिकाणी वेगळे: न्यू जर्सीत 10, कोलोरॅडोत 15, कित्येक ठिकाणी मर्यादाच नाही.

यावर केंद्राचे कायदे आहेत ते निराळेच. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत बंदूक नेण्यास केंद्राच्या 1990 च्या कायद्याने मनाई केली. त्यातून सूट आहे ती, ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्या माणसाला. वाचकहो, यातली मेख पाहा. समजा, तुमच्या राज्याचा परवाना शेजारच्या राज्याने मोठ्या मनाने मान्य केला. पण तो त्या राज्याने दिलेला थोडाच आहे? तेव्हा त्या शहरात शाळेवरून गाडी नेताना राज्याचा कायदा पाळला जातो आणि केंद्राचा मोडतो. शहरात शाळा टाळून गाडी कशी चालवायची, हे कायदा करणाऱ्यालाच विचारावे. राष्ट्रीय उद्यानांत 2010 पासून त्या-त्या राज्याचा नियम लागू झाला. पण त्याच उद्यानातल्या सरकारी इमारतीच्या दारात पुन्हा मनाई.

एवढ्या जंजाळातून नुसते आरपार जाणाऱ्या प्रवाशासाठी 1986 मध्ये एक सवलत झाली. जिथून निघालो आणि जिथे जायचे, त्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ती नेता येते. अट एवढीच, की ती रिकामी हवी आणि हाताला लागेल अशी नको, डिकीत हवी. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, पण डॅशबोर्डचा खण ही पेटी धरली जात नाही. नियम वाचायला सरळ आहे. त्याचे काय झाले, ते यूटा राज्यातल्या एका प्रवाशाच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

हा गृहस्थ 2005 मध्ये विमानाने पेन्सिल्वेनियाकडे निघाला होता. पिस्तूल रिकामे, कुलूपबंद, सामानात नोंद करून दिलेले, सारे नियमात. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळावर विमान बदलायचे होते. आधीचे विमान उशिरा पोहोचले, पुढचे चुकले, सामानाचा घोळ झाला आणि अखेर पेटी ताब्यात घेऊन त्याला रात्र तिथल्याच हॉटेलात काढावी लागली. सकाळी तो विमानतळावर आला आणि नियमाप्रमाणे त्याने पुन्हा सांगितले, की सामानात पिस्तूल आहे. झाली अटक! पुढे खटला मागे घेतला गेला, पण त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि तो 2010 मध्ये अपील न्यायालयात हरला. न्यायालयाचे म्हणणे असे, की रात्रभर हॉटेलच्या खोलीत पेटी त्याच्या हाताशी होती. म्हणजे पिस्तूल 'हाताला लागेल असे' झाले आणि सवलत संपली. त्याने काय करायला हवे होते? तर सामान ताब्यात घेण्यापूर्वी विमानतळावरच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जाऊन आपली अडचण सांगायला हवी होती. न्यायालयाचा तर्क चुकीचा आहे असे म्हणण्याची माझी पात्रता नाही. पण ज्या माणसाने दोनदा आपणहून खरे सांगितले, त्याला तिसऱ्यांदा वेगळ्या दाराशी जाऊन सांगितले नाहीस म्हणून दोष देणे माझ्या मनाला पटत नाही.

इथे माझ्या वर्गमित्राच्या मनातल्या अमेरिकेविषयी थोडे सांगायला हवे. ती सिनेमातली अमेरिका: टोपीवाले घोडेस्वार, कमरेला पिस्तूल, भर रस्त्यात गोळीबार. पण झाकून शस्त्र बाळगण्यावर बंदी घालणारे कायदे केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 सालीच केले होते. उघड बाळगणारा मर्द आणि लपवून बाळगणारा दगेखोर, अशी त्या काळची समजूत. आणि ज्या टूमस्टोन गावची चकमक सिनेमावाल्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली, त्या गावचा नियम काय होता? 1881 च्या एप्रिलमधला नियम असा, की गावात येणाऱ्याने आपले शस्त्र तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचे आणि जाताना परत न्यायचे. 26 ऑक्टोबर 1881 ची ती चकमक झाली ती याच नियमाच्या अंमलबजावणीवरून. त्या दिवशी सकाळी एक माणूस शस्त्रासह सापडला होता. त्याला 25 डॉलर दंड करून सोडले होते. दुपारी तीन माणसे मेली, तेव्हा त्या नियमाने गाव शांत झाले असे मी म्हणणार नाही. पण ज्या काळाला आपण रानटी म्हणतो, त्या काळात परगावच्या माणसाला आधी 'जमा कर' म्हणत आणि मग दंड करत. आणि 2013 मध्ये थेट साडेतीन वर्षांची भाषा होते. हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले.

चित्र उलटले ते अलीकडे. 1987 मध्ये फ्लॉरिडाने कायदा केला, की ठरावीक अटी पुऱ्या करील त्याला परवाना द्यायलाच हवा. अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाही. मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. झाकलेल्या पिस्तुलाला मुळीच परवानगी न देणारे शेवटचे राज्य इलिनॉय. त्यालाही न्यायालयाच्या निकालामुळे 2013 मध्ये कायदा करावा लागला. 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला. त्या नियमाप्रमाणे परवाना मागणाऱ्याला आपली काही खास गरज सिद्ध करावी लागे. पण या निकालाने परवाने देणे सैल झाले, ते हद्दीपलीकडे चालू लागले नाहीत. पेन्सिल्वेनियाचा कागद नदीपलीकडे आजही कागदच आहे.

आता माझे मत. यावर तिकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, एका राज्याचा परवाना सगळ्या राज्यांनी मानावा असा कायदा केंद्राने करावा. असे विधेयक 2017 च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहात 231 विरुद्ध 198 मतांनी संमतही झाले. सिनेटमध्ये ते अडले. फिलाडेल्फियाच्या बाईची गोष्ट वाचली, की आपणही लगेच हात वर करून या पक्षात जाऊन बसू. मीही दोन दिवस तिथे बसले होते. मग विचार केला, की असा कायदा झाला तर प्रत्यक्षात काय होईल? ज्या राज्यात पिस्तूल चालवण्याचे शिक्षण घ्यावे लागते, तिथल्या रस्त्यावर ज्याने शिक्षणाचे नावही ऐकले नाही असा परराज्यातला माणूस सन्मानाने फिरेल. सर्वांत ढिला नियम सर्वांचा नियम होईल. न्यू जर्सी हे बंदुकीने मरणाऱ्यांचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांपैकी एक आहे. तिथल्या लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने 'आमच्याकडे नको' म्हटले, तर तो त्यांचा अधिकार आहे. माझ्या घरी पाहुणा आला तर चपला बाहेर काढायच्या की नाही, हे पाहुण्याच्या घरचे लोक ठरवणार नाहीत. शिवाय पिस्तूल खिशात असल्याने माणूस सुरक्षित होतो, या मताची मी नाहीच.

पण चपला काढायच्या आहेत हे न सांगता पाहुण्याला उंबऱ्यावरच काठी मारणे, हाही घराचा अधिकार मानायचा का? दुसऱ्या पक्षाशी माझे इथे जमत नाही. 'कायद्याचे अज्ञान ही सबब नाही' हे वाक्य आम्ही पहिल्या वर्षी पाठ केले. ते वाक्य कुणाला लागू होते आणि कुणाला होत नाही, ते पाहा. 2004 च्या केंद्राच्या कायद्याने पोलिसांना, नोकरीतल्या आणि निवृत्तही, काही अटींवर साऱ्या राज्यांत झाकलेले पिस्तूल नेण्याची मोकळीक दिली. म्हणजे ज्यांचा धंदाच कायदा जाणण्याचा, त्यांच्यासाठी हद्दी पुसल्या. आणि जिने कायद्याचे पुस्तक कधी उघडले नाही, तिने पन्नास राज्यांचे कायदे पाठ करावेत अशी अपेक्षा!

आता वडिलांची हकीकत सांगते. आमच्याकडे त्यांना नाना म्हणतात. नाना ट्रक चालवतात, बहुतेक लासलगावचा कांदा घेऊन सुरतेकडे. शिक्षण चौथी. गळ्यात माळ आहे, दारूला शिवत नाहीत. मी आठवीत असताना, 2019 मध्ये, गुजरातच्या हद्दीवर त्यांची गाडी थांबवली. "दारू आहे का?" असे विचारल्यावर नानांनी मान हलवून 'नाही' म्हटले असते तर गाडी बहुधा पुढे गेली असती. पण त्यांनी क्लीनरला विचारले, "तुझ्या पिशवीत काय आहे का रे?" तो पोरगा घाबरून 'आहे' म्हणाला. रात्री झोपताना घेण्यासाठी आणलेली एक क्वार्टर, नाशिकच्या दुकानात बिल देऊन घेतलेली. नानांनी ती आपल्या हाताने काढून दिली. गाडी तीन दिवस अडकली. कांदा सडला, भाडे बुडाले, वकिलाला पैसे गेले ते निराळेच. त्या वर्षी माझी सायकल यायची होती, ती आली नाही.

महाराष्ट्र आणि गुजरात, दोन्हींचा मूळ दारूबंदी कायदा एकच: 1949 चा, जुन्या मुंबई राज्याचा. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली. गुजरातने बंदी कायम ठेवली, आपण ती पुढे सैल केली. सैल केली म्हणजे काय, तर कागदोपत्री आपल्याकडेही दारूला परवाना लागतोच, हे किती जणांना ठाऊक आहे? गुजरातला दारूबंदी ठेवण्याचा अधिकार आहे, आणि दारूने उठलेली दोन घरे आमच्याच आळीत पाहिल्यामुळे मला तो अधिकार हवासाही वाटतो. एवढेच नव्हे, परराज्यातून येणाऱ्या पाहुण्याला तिथे ठरावीक मुदतीचा परवाना मिळण्याची सोयही आहे. ती सोय हॉटेलात उतरणाऱ्याला माहीत असते. ट्रकच्या क्लीनरला ती कोण सांगणार?

बाटली आणि पिस्तूल एक नव्हे, हे मला समजते. क्वार्टरने दुसऱ्याचा जीव जात नाही. बंदुकीच्या बाबतीत आपण भारतात शहाणपण केले आहे, असे मला वाटते. शस्त्र कायदा 1959 चा, साऱ्या देशाला एकच; आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे त्या परवान्यावरच लिहिलेले असते. वाचता येणाऱ्याला निदान आपला कागद कुठे थांबतो ते कागदच सांगतो. पेन्सिल्वेनियाच्या परवान्याच्या पाठीवर 'नदीपलीकडे चालणार नाही' एवढी एक ओळ छापायला किती शाई लागली असती?

माझे म्हणणे आहे ते एवढेच. राज्याने दार लावावे, पण दारावर पाटी लावावी. टेक्सासमधल्या दुकानदाराला एक इंच उंचीचे अक्षर सक्तीचे आहे, तर राज्याच्या हद्दीवर एक फूट उंचीचे का नसावे? आणि जो आपणहून 'माझ्याजवळ आहे' म्हणून सांगतो, ज्याच्यावर दुसरा गुन्हा नाही, ज्याच्या हातात कुठल्या तरी राज्याचा खरा परवाना आहे, त्याचे शस्त्र जमा करून घ्यावे, पावती द्यावी, दंड करावा आणि माघारी पाठवावे. पुन्हा सापडला तर खुशाल खटला भरावा. यावर कुणी म्हणेल, की मग खरे गुन्हेगारही 'चुकून आलो' म्हणतील. म्हणतील, पण खरा गुन्हेगार पोलिसाच्या हाती आपला परवाना आपणहून कधी देतो का?

न्यू जर्सीत मराठी माणसे पुष्कळ राहतात, म्हणून जाता जाता एक गोष्ट नोंदवते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तिकडे काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही. तिथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्याला येते. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत, त्यांनी ही गोष्ट कळवण्यासारखी आहे.

हा लेख वार्षिकांकाकडे देण्यापूर्वी मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आईला पाट्यांचा भाग आवडला. नाना खाटेवर आडवे पडून डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले झोप लागली. वाचून संपल्यावर त्यांनी विचारले,

"मंग त्या बाईनं पुढच्या टायमाला पोलिसाला सांगावं का नाही?"

मी म्हटले, "नाना, मिशिगनमध्ये असेल तर सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर दंड."

"अन् त्या दुसऱ्या राज्यात सांगितलं तर जेल?"

"तेव्हा तसंच झालं."

नाना उठून बसले. कोपऱ्यातली गाडीच्या कागदांची पिशवी त्यांनी ओढली आणि दुसऱ्या दिवशीच्या खेपेसाठी विम्याचा कागद, पीयूसी, परमिट एकेक काढून पाहू लागले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, मिशिगनलाच राहायला जा."